गावच्या कारागिरांची दुकानं: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोड, पंचवटी आणि नाशिकरोड अशी आमची तीन दुकानं आहेत. येवला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आणि सिन्नर या तालुक्यांतले विणकर, बुरूडकाम करणारे, चित्रं काढणारे आणि गोधड्या शिवणाऱ्या बाया इथे माल देतात. गल्ल्यावर बसलं की दिवसभर ठरावीक प्रश्न कानावर येतात. गर्दीत त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून इथे सवडीने लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत सांगितली की गैरसमज वाढतो.

ही दुकानं नेमकी कुणाची? सरकारी, की एखाद्या ट्रस्टची?

माल करणाऱ्यांचीच. कायद्याने ही उत्पादक कंपनी आहे. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांची सोय झाली. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समुळे ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्याच कायद्यात हातमागाचा आणि हस्तकलेचा मालही शेतमालाच्या बरोबरीने धरला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही ती वाट धरली.

यात कुणाचे शेअर किती याला मतदानात किंमत नाही, एका सभासदाला एकच मत. वर्षाअखेर शिल्लक उरली, तर राखीव रक्कम आणि शेअरवरचा मर्यादित परतावा बाजूला काढून उरलेलं, ज्याने जितका माल दिला त्या हिशेबाने बोनस म्हणून वाटायचं, अशी सोय कायद्यातच आहे. देणगीवर दुकान चालवायचं नाही हे पहिल्याच सभेत ठरलं. देणगी आटली की दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की सुपं घेऊन बाई पुन्हा बाजारात उन्हात बसणार, हे त्या सभेतल्या प्रत्येकीने भोगलेलं होतं.

बुधवारच्या बाजारात टोपली निम्म्या भावात मिळते. तुमच्याकडे एवढी महाग का?

हा प्रश्न रोज येतो आणि तो रास्त आहे. म्हणून पूर्ण हिशेब मांडते.

समजा झाकणाची एक टोपली आहे. बांबू तोडून आणायचा, चिरायचा, कांबी काढायच्या, त्या सारख्या जाडीच्या तासायच्या, मग विणायचं आणि कडा बांधायच्या. हे सगळं धरून दीड दिवस लागतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आम्ही टोपलीचा भाव काढताना दिवसाचे ४५० धरतो, कारण कसबी हाताचा रोज खड्डा खणण्याच्या रोजापेक्षा जास्त असायला हवा, याबद्दल आमच्यात दुमत नाही. दीड दिवसाचे ६७५, बांबूचे ८०, दोरी आणि रंगाचे २५ असे ७८० रुपये टोपली करणाऱ्याच्या हातात. टोपल्या गाडीने नाशिकला आणणं, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करणं आणि वाटेत मोडतोड होते ती, याचे ९०. दुकानाचं भाडं, वीज, दोन मुलींचे पगार आणि कार्डाने पैसे घेतले की बँक कापते ते, या सगळ्याचे मिळून ३३०. झाले १२००. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की १२६०.

यात ३३० रुपये दुकानाचे जातात हे मी लपवत नाही. गंगापूर रोडवर भाड्याची जागा घेतली की ते अटळ आहे. ते कमी करण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे जास्त टोपल्या विकणं.

आता बाजाराचं. गंगाघाटावर बुधवारी माल घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळी परतीची एसटी गाठायची असते. दुपारी तीननंतर ती सांगेल त्या भावाला देते, कारण उरलेल्या टोपल्या परत नेण्याचं भाडं तिलाच पडतं. तो भाव टोपलीचा नसतो, तिच्या घाईचा असतो. तरीही तुम्ही बाजारात तिच्याकडून घेतलीत तर आम्हाला वाईट वाटणार नाही, उलट जरूर घ्या. फक्त सकाळी जा आणि ती सांगेल तो भाव द्या.

मग दुकानात थोडं कमी-जास्त होतं का?

नाही. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर कारागिराला किती मिळाले तो आकडा लिहिलेला असतो. कमी करायचं तर कुणाच्या आकड्यातून करायचं, हे आम्हालाच ठरवता येत नाही.

कारागिरांना पैसे माल विकल्यावर मिळतात का?

माल मोजून घेतला की त्याच दिवशी. हा आमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक नियम आहे.

या धंद्यात जांगड चालते. म्हणजे माल ठेवून जा, विकला तर पैसे, नाही तर घेऊन जा. ऐकायला बरोबरीचा व्यवहार वाटतो, पण सुरगाण्याहून आलेल्या माणसाला तो परवडत नाही. त्याचा बांबू अडकतो, दिवस अडकतात, आणि चार महिन्यांनी धूळ खाल्लेली टोपली परत मिळते. मग पुढच्या मालासाठी तो कुणाकडून तरी उचल घेतो, आणि ज्याची उचल घेतली तोच भाव ठरवतो. या साखळीतून सुटायचं तर पहिली कडी रोख पैशाची, म्हणून आम्ही जांगडीवर एकही वस्तू ठेवत नाही. विकली गेली नाही तर तोटा दुकानाचा.

लहान उद्योगांचे पैसे वेळेवर द्यावेत असा कायदाही आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी फार तर ४५ दिवसांत. लहान उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या कारागिराने हे आकडे लक्षात ठेवावेत. मोठ्या येवला पैठणीसारख्या कामाला अर्धी रक्कम आधी देतो, कारण रेशीम आणि जरी विणकराने स्वतःच्या खिशातून आणावी असं म्हणणं म्हणजे त्याला सावकाराकडे पाठवणं आहे.

पैठणी खरोखर हातमागाची आहे हे कसं ओळखायचं?

साडी उलटी करा. काठ आणि पदर मागून पाहा. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर पुढून जसा दिसतो तसाच मागून दिसतो. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे बारीक कांडीवर असतो. विणकर तो त्या नक्षीपुरता फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. त्यामुळे मागे लोंबणारे धागे राहत नाहीत. यंत्रमागावरच्या साडीच्या पदरामागे धाग्यांचं जाळं दिसतं, किंवा ते कापून काढल्याच्या खुणा दिसतात. साडीच्या अंगावरच्या बुट्ट्या हातमागावरही वेगवेगळ्या पद्धतीने विणल्या जातात, म्हणून निवाडा पदरावरून करा.

खुणांच्या लेबलांबद्दल फार गोंधळ आहे, तो इथेच सोडवते. सिल्क मार्क असेल तर रेशीम शुद्ध आहे एवढंच कळतं. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लागतो. हातमागाची खूण हँडलूम मार्क ही वेगळी आहे. दुकानदाराने सिल्क मार्क दाखवला म्हणून साडी हाताने विणलेली आहे असं समजू नका. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकनही आहे. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलेलं आहे, तरी बाजारात काय मिळतं ते आपण सगळे पाहतोच. यंत्रमागाची साडी नेसू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. ती यंत्रमागाची म्हणूनच विकावी, एवढंच मागणं आहे.

येवल्याची आणि पैठणची यात खरी कुठली?

दोन्ही. नाव पैठणचं. रघोजी नाईकांनी येवल्यात विणकर आणून वसवले असं सांगतात, आणि आज मागांची खटखट ऐकायची तर नाशिकहून साधारण ८५ किलोमीटरवर येवल्यालाच जावं लागतं. रेशीम येतं बंगळूरकडून, जरी सुरतेहून. पूर्वीची जरी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असे. आता बहुतेक साड्यांत टेस्टेड जरी असते, म्हणजे आत तांब्याची तार. आमच्या चिठ्ठीवर कुठली जरी आहे ते लिहिलेलं असतं.

बांगडी मोर, असावली, मुनिया, नारळी काठ, अजंठ्याचं कमळ ही नक्षीची नावं येवल्यात लहान पोरांनाही येतात. साध्या काठाची, साध्या नक्षीची साडी काही आठवड्यांत उतरते. पदर भरगच्च असेल आणि अंगभर काम असेल तर महिने लागतात. म्हणून लग्नासाठी हवी असेल तर तारीख निघाल्या निघाल्या सांगा. तुळशीचं लग्न झाल्यावर येऊन मार्गशीर्षातल्या मुहूर्ताची पैठणी मागणाऱ्यांना आम्हाला नाही म्हणावं लागतं, आणि ते जिवावर येतं.

घरी नेल्यावर ती धुऊ नका. मऊ सुती कापडात गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी अंगावर मारा, साडीवर नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

वारली चित्राचा मग बाहेर दीडशेला मिळतो. तुमच्या एवढ्याशा कापडाला दीड हजार का?

मगावर छापील नक्षी असते. तिच्यात वारली माणसाचा हात कुठेच नसतो. कधी कधी चित्रातही नसतो, संगणकावर चार त्रिकोण जोडून केलेली असते. आमच्या कापडावरचं चित्र डहाणू, जव्हार, मोखाडा किंवा आपल्या त्र्यंबक तालुक्यातल्या माणसाने बसून काढलेलं असतं. कापडाला गेरू किंवा शेणाचा हात दिलेला असतो आणि त्यावर पांढरं काम बांबूच्या काडीने केलेलं असतं. भिंतीवरचं मूळचं काम तांदळाच्या पिठाचं. कापडावर तांदळाचं पीठ टिकत नाही म्हणून बहुतेक कलाकार पांढरा रंग वापरतात, हेही सांगून ठेवते. कुणी 'शंभर टक्के तांदळाचा रंग' म्हणून विकत असेल तर थोडं विचारून घ्या.

१९७० च्या दशकापर्यंत हे काम मुख्यतः लग्नघरात व्हायचं आणि सवाशिणी करायच्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणलं आणि लग्नाबाहेरचं जगही त्यात काढलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. २०१४ पासून वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे.

लग्नचौकाचं चित्र मिळेल का? हॉलमध्ये लावायचं आहे.

दुकानात मांडलेलं मिळणार नाही. लग्नचौक म्हणजे वारली लग्नघरात भिंतीवर काढतात तो चौक. त्यात पालघट देवी बसवतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा ते चित्र पुरं होतं. आमच्या काही चित्रकारांना तो विकायला हरकत वाटत नाही, काहींना वाटते. निर्णय त्यांचा. तुम्हाला हवाच असेल तर नाव-पत्ता ठेवून जा, ज्यांची तयारी आहे ते तुमच्यासाठी काढतील. तारपा नाचाचं, पेरणी-कापणीचं, वाघाचं चित्र मात्र हवं तेव्हा मिळतं.

बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून गावात होणारा सोंगांचा उत्सव. त्याच्या मुखवट्यांनाही हाच नियम आहे. मिरवलेला, पुजलेला मुखवटा आम्ही कितीही पैशाला घेत नाही, कारण तो एखाद्या घराण्याचा मान असतो. विक्रीसाठी नवा करून घेतो, लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा.

बांबूच्या वस्तूला भुंगा लागतो का?

लागायचा. पहिल्या वर्षी आम्ही पंचवटीच्या दुकानात दीडशे टोपल्या भरून ठेवल्या आणि पावसाळ्यात खाली पिवळी भुकटी पडायला लागली. बारीक भुंगे बांबूतलं पिठूळ सत्त्व खातात. निम्मा माल जाळावा लागला. ज्या काकूंनी घरी नेलेल्या टोपल्या परत आणून दिल्या त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. ते दिवस मी विसरलेले नाही.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, बांबू कधी तोडायचा ते जुन्या माणसांना विचारून ठरवतो. पेठेतले म्हातारे सांगतात की पाऊस सरल्यावर, थंडीत, अंधाऱ्या पाखात तोडावा. कोवळा कोंब कधीच तोडू नये, तीन-चार वर्षांचा जून बांबू घ्यावा. कोवळ्यात सत्त्व जास्त आणि किडीला तेच हवं असतं. दोन, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू बुडवून मग सावलीत वाळवतो. ज्या टोपल्यांत भाकरी किंवा फळं ठेवायची, त्यांचा बांबू मात्र औषधाविना, वाहत्या पाण्यात बरेच दिवस मुरवून घेतो. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं, ती वाचून मगच स्वयंपाकघरात न्या.

आपल्या रानातला बांबू तोडायला परवानगी लागते का, असंही पुष्कळ जण विचारतात. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेताच्या बांधावरच्या बांबूची अडचण बरीच सुटली. जंगलातल्या बांबूचे नियम वेगळे आहेत आणि तिथला बांबू आम्ही कागद बघूनच घेतो.

दिवाळीनंतर तुमच्याकडे बांबूचा माल का नसतो?

कारण करणारी माणसं द्राक्षबागेत असतात.

पेठ-सुरगाण्यात भात, नागली, वरई पावसाच्या भरवशावर. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आषाढ-श्रावणात, कापणी कार्तिकात. त्यानंतर घरात काम नसतं. त्याच सुमाराला दिंडोरी-निफाडला द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी होते आणि बागांना माणूस लागतो. टोळ्याच्या टोळ्या बिऱ्हाड घेऊन उतरतात. शेंडा खुडणं, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग काढणी असं मार्चपर्यंत चालतं. शिमग्याला माणसं परत घरी जातात, कारण शिमगा चुकवायचा नसतो. मग आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्यापुढे पाऊस पडेस्तोवर हात मोकळे असतात. तोच आमचा भर. चैत्र-वैशाखात दुकानं भरलेली दिसतात ती त्यामुळे.

सुरुवातीला आम्हाला वाटायचं की वर्षभर सारखा माल आला पाहिजे. डिसेंबरात आग्रह करून ऑर्डर दिल्या. दोन कुटुंबं आमच्या भरवशावर बागेला गेली नाहीत, आणि आमच्याकडून त्यांना चार महिन्यांचं पुरेसं काम देणं झालं नाही. फेब्रुवारीत त्यातली एक ताई दुकानात आली. रागावली नाही, फक्त म्हणाली, "आता बागेत पण कुणी घेत नाही, टोळ्या भरल्या." त्या दिवसापासून दुकानाचं पंचांग आम्ही गावाच्या पंचांगावर लावलं. ज्यांना बारमाही काम देता येईल एवढ्यांनाच आम्ही बाग सोडायला सांगतो, आणि ती संख्या अजून थोडी आहे. बाकीच्यांसाठी उन्हाळ्यात जास्तीत जास्त माल घेऊन ठेवतो, कोरड्या खोलीत साठवतो. कार्तिकात छठसाठी रामकुंडावर सुपं लागतात, त्याची साठवण वैशाखातच होते. संपलं की संपलं. पुढच्या वैशाखाची वाट पाहावी लागेल.

कंपनीसाठी दिवाळीच्या पाचशे भेटी हव्या आहेत. मिळतील?

मिळतील, पण जूनच्या आधी सांगा. सातपूर-अंबडच्या काही कारखान्यांनी ही सवय लावून घेतली आहे आणि त्यांच्या एका ऑर्डरवर पाड्यावरच्या आठ-दहा घरांचा उन्हाळा निघतो.

अर्धे पैसे ऑर्डरबरोबर, अर्धे माल उचलताना. या अटीवर पुष्कळ जण नाराज होतात. एका मोठ्या खरेदीदाराने आमचा माल दिवाळीत वाटला आणि पैसे पुढच्या गणपतीला दिले. कारागिरांना आम्ही आधीच रोख दिलं होतं, त्यामुळे दुकानाचं भाडं थकलं आणि दोघींचे पगार दोन महिने लांबले. तेव्हापासून अट सोडत नाही. वस्तूवर कंपनीचं नाव छापून मिळणार नाही, पण सोबत कारागिराच्या गावाचं आणि कामाचं चिठ्ठीवजा पत्र देतो.

पाचशे वस्तू तंतोतंत एकसारख्या मात्र येणार नाहीत. पाच जणींनी विणलेल्या टोपल्यांत बोटभर फरक राहतो. तो चालत नसेल तर ऑर्डर देऊ नका, दोघांनाही मनस्ताप होतो.

घोंगडी आणि गोधडी धुवायची कशी?

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली असते. नवी असताना टोचते आणि तिला वास येतो, दोन्ही वापराने कमी होतं. मशीनमध्ये कधीच घालू नका. उन्हात टाका, झटका, वर्षातून एकदा थंड पाण्यातून काढा. गोधडी खुशाल धुवा. ती धावदोऱ्याने एवढी घट्ट शिवलेली असते की कापड विरेल पण टाका निघणार नाही. तुमच्या आईची किंवा आजीची जुनी लुगडी आणून दिलीत तर त्यांचीच गोधडी शिवून देतो. सिन्नर तालुक्यातल्या बाया हे काम करतात. एका गोधडीला दोन-तीन लुगडी लागतात. लुगडी धुऊन आणा आणि त्यातलं कुठलं वरच्या अंगाला हवं ते सांगा, कारण एकदा शिवली की बदलता येत नाही. बाजूला ठेवलेली लुगडी हातात घेऊन गप्प उभ्या राहिलेल्या लेकी मी पाहिल्या आहेत. घाई करू नका, मन झालं की या.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी ठेवता का?

नाही. ती तांबट लेन आणि भांडी बाजारात जाऊनच घ्यावीत. ते कारागीर शहरातच आहेत, त्यांना आमच्या मध्यस्थीची गरज नाही.

जीएसटी किती लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या बऱ्याच वस्तूंवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या चिठ्ठीवरच्या किमतीत तो धरलेला आहे.

घरपोच पाठवता का?

पैठणी, चित्रं, गोधड्या पाठवतो. टोपल्या पाठवणं थांबवलं, वाटेत चेपतात आणि भाडं टोपलीपेक्षा जास्त होतं.

आमच्या गावातल्या बायका छान वस्तू करतात. तुम्ही घ्याल का?

तीन नग घेऊन नाशिकरोडच्या दुकानात या, कुठल्याही शनिवारी. एक चांगला नग कुणीही करतो, तीन सारखे होतात का ते पाहावं लागतं. सोबत किती वेळ लागला ते लिहून आणा. बहुतेक बायका वेळ कमी सांगतात, घरचं काम करता करता केलं म्हणून ते मोजतच नाहीत. तिथे बसून आम्ही पुन्हा मोजायला लावतो, आणि भाव त्यावर काढतो. आपण दिवसाला साठ रुपयांवर राबत होतो हे पहिल्यांदा कागदावर दिसतं तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही.

माल घेतला नाही तरी दोन कागदांची माहिती देतो. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं कारागीर ओळखपत्र, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली विश्वकर्मा योजना. त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. टोपल्या विणणारे त्यात बसतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. हातमाग विणकर या अठरात नाहीत, त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग खात्याच्या वेगळ्या योजना आहेत. अर्ज भरून देण्याचे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका, आमच्याकडे या.

कारागिरांना घरी जाऊन भेटता येईल का?

येवल्याला जरूर जा. माग घरातच असतात आणि विणकर आनंदाने दाखवतात, फक्त विणणाऱ्याच्या खांद्याला धक्का लागेल एवढं जवळ उभं राहू नका. पाड्यांवर सहली आम्ही नेत नाही. तिथे माणसं राहतात, दळतात, आंघोळी करतात. मोबाईल रोखून आलेल्या वीस पाहुण्यांना चहा पाजण्यात त्यांचा दिवस जातो. शिकायला यायचं असेल, दोन-चार दिवस राहून विणायला बसायचं असेल, तर मे महिन्यात तशी सोय होते. त्याचे रोजाप्रमाणे पैसे शिकवणाऱ्या बाईला द्यायचे असतात.

जुनी वस्तू दुरुस्त करून मिळेल का?

मिळेल, आमच्याकडून घेतलेली असो वा नसो. सुपाची सुटलेली कड, टोपलीचा तुटलेला कान, गोधडीचा उसवलेला काठ या कामांचे पन्नास ते दीडशे रुपये लागतात आणि ते पूर्ण दुरुस्त करणाऱ्याला जातात. पैठणीला रफू येवल्यालाच होतं, त्याला महिनाभर धरा. घोंगडीला कसर लागून भोक पडलं असेल तर भोकाचा फोटो न पाठवता घोंगडीच घेऊन या, हात लावल्याशिवाय सांगता येत नाही. बांबूच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी पेठेहून एक दादा आणि त्यांची सून पंचवटीच्या दुकानात येऊन बसतात, सकाळी दहा ते चार. चारनंतर नको, त्यांना परतीची गाडी असते.